बाळकडूचं झाड पाहिलं: घांगरियाच्या वाटाड्याबरोबर दोन दिवस

साताऱ्यात आमचं काष्ठौषधीचं दुकान होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर ते बंद झालं, पण माझं सगळं लहानपण त्या दुकानातल्या सागवानी खणांसमोर गेलं. शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात आणि हात पुड्या बांधायला. कुटकीचा, म्हणजे एका जहाल कडू मुळीचा, खण खालच्या ओळीत, डावीकडून तिसरा. त्यावर अण्णांच्या हातची चिठ्ठी होती: 'केदारकडू'. मी एकदा विचारलं, केदार कोण? ते म्हणाले, "केदारनाथाच्या डोंगरातून येतं ते, म्हणून." दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्यालाच 'बाळकडू' म्हणायच्या. नवीन गोणी आली की अण्णा एक तुकडा मोडून माझ्या जिभेवर ठेवत. "वासाने फसशील, चवीने फसणार नाहीस," असं त्यांचं सांगणं. तो कडूपणा रात्रीच्या जेवणापर्यंत जायचा नाही.

कुटकी, अतिविष, कोष्ठ, जटामांसी, सालमपंजा, वचनाग. हिमालयातून येणारी ही मुळं मी हजारो वेळा तोलली, कुटली, पुडीत बांधली. यातल्या एकाचंही फूल वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मी पाहिलेलं नव्हतं. अण्णांनीही नाही. म्हणून यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला आणि हेमकुंडला जाऊन आले. तिथे दोन दिवस एक स्थानिक वाटाड्या घेतला होता, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. आपल्याकडून जाणारे बरेच जण 'वाट फरसबंद आहे, चुकायला जागा नाही, मग गाइड कशाला' असं म्हणून त्याच्याशिवाय जातात. वाट खरंच चुकत नाही. पण आमच्या पुढे-मागे चालणारे कितीतरी जण ज्या झाडांसाठी मी आले होते त्यांच्या शेजारून, न बघता, निघून गेले. एकटी असते तर मीही गेले असते.

आम्ही चौघी होतो: मी, माझी थोरली नणंद आणि तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी. आधी एका यात्रा कंपनीकडे चौकशी केली होती. त्यांच्या माहितीपत्रकावर 'हेमकुंडचं ब्रह्मकमळ' म्हणून जो फोटो छापला होता तो रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या निवडुंगाचा होता. पुण्या-साताऱ्यात घरोघरी गॅलरीत असतं, पावसाळ्यात रात्री दहाच्या सुमाराला उमलतं आणि सकाळी मान टाकतं, तेच. मी फोन करून सांगितलं की हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, हिमालयाशी त्याचा काही संबंध नाही. पलीकडून उत्तर आलं, "ताई, आमच्या घरी आहे ना, हेच ब्रह्मकमळ." जे लोक चुकीच्या फुलाचा फोटो छापून त्याच फुलासाठी पैसे घेतात, त्यांच्याबरोबर मला जायचं नव्हतं. ऋषिकेशहून जोशीमठ, तिथून गोविंदघाट, मग पुलनापर्यंत चार किलोमीटर जीप आणि पुढे दहाएक किलोमीटर पायी मुक्कामाचं गाव घांगरिया, हे सगळं आम्हीच जुळवलं. ज्या लॉजवर उतरलो तिथल्या मालकाने वाटाडा गाठून दिला. दिवसाला दोन हजार रुपये ठरले, म्हणजे प्रत्येकीला पाचशे.

हा माणूस चाळिशीचा, भ्यूंडार गावचा. भ्यूंडार आणि पुलना ही एकाच लोकांची दोन गावं, उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली. २०१३च्या जूनमधल्या पुरात वरच्या गावाची वाताहत झाली. त्याने जाता जाता, नदीकडे हात करून, "वह हमारा घर था" एवढंच सांगितलं आणि पुढे चालू लागला. मी नाव लिहीत नाही, त्याने तशी परवानगी दिलेली नाही. पण घांगरियात कुणालाही 'जडीबुटी जाणणारे' म्हणून विचारलंत तर तो सापडेल. मला तो आधी माताजी म्हणाला. दुकानाचं सांगितल्यावर दीदी म्हणायला लागला.

पहिला दिवस घाटीचा, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा. वनखात्याच्या चौकीवर परवाना काढून आत शिरलो, तेव्हा त्याने आम्हा चौघींना थांबवून एक गोष्ट सांगितली: फूल बघताना हात पाठीमागे बांधायचे. देवळात बाळगतात तशा गांभीर्याने तो हे सांगत होता. त्याच्या वडीलधाऱ्यांच्या काळी घाटीत त्यांची मेंढरं चरायची. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली, २००५ साली युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. त्याचं कुटुंब मेंढपाळीतून वाटाडेगिरीत आलं ते असं. त्यामुळे त्याला झाडं दोन बाजूंनी माहीत आहेत: मेंढरं काय खातात आणि माणसं कशावर काय लावतात. प्रत्येक झाडाचं गढवाली नाव आधी, मग हिंदी, आणि विचारलं तर लॅटिनही. लॅटिन उच्चार त्याचे स्वतःचे आहेत, पण नाव बरोबर असतं. मी रात्री पुस्तकाशी ताडून पाहिलं.

आत गेल्यावर गुलाबी फुलांचे माणसाच्या छातीपर्यंतचे ताटवे लागले. मला बघताक्षणीच ओळखीचं वाटलं आणि तोंडातून "तेरडा!" निघालं. तो आपल्या तेरड्याचाच हिमालयातला भाऊ, इम्पेशन्स सल्काटा. कासच्या पठारावरचा तेरडा घोट्याएवढा, हा कमरेच्या वर. शेंगेला धक्का लागला की बिया फट्कन उडतात ते मात्र दोघांचं सारखंच. कास माझ्या घरापासून तासाभरावर आहे. २०१२ साली तेही युनेस्कोच्या यादीत गेलं. आमच्याकडे कातळावर बोटभर मातीत जेवढं उगवतं ते पाहत मी मोठी झाले, आणि इथे नदीकाठच्या खोल काळ्या मातीत त्याच कुळातलं झाड एवढं वाढलेलं पाहून मी जागीच उभी राहिले. नणंद पुढे निघून गेली होती. वाटाड्या माझ्यासाठी थांबला, घाई केली नाही. ही त्याची पहिली मोठी गोष्ट मला आवडली.

मग हत्ताजडी. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "इसकी जड़ पंजे जैसी होती है, दीदी." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सालमपंजा! पाकात, खिरीत घालायला लोक जो महाग सालमपंजा घ्यायचे, तो हाताच्या पंजासारखा कंद, त्याचं हे फूल. ती एक आमरी (ऑर्किड) आहे, डॅक्टिलोऱ्हायझा हाटागिरिया. जांभळ्या-गुलाबी फुलांचा दाट तुरा, वीतभरापेक्षा थोडा उंच, ओलसर जागेत उभा. दुकानात मी त्याचा रंग नेहमी मळकट पांढराच पाहिलेला. तिकडे कापलं, भाजलं, हाड दुखावलं तर कंदाचा लेप लावतात. एका झाडाला एक पंजा, तोही उपटला की झाड संपलं, हे त्याने स्वतःची पाच बोटं पसरून आणि मग मूठ मिटून दाखवलं.

अतीस म्हणजे आपलं अतिविष, त्याला अजून कळ्याच होत्या. खालची पानं एका आकाराची, वरची दुसऱ्या, म्हणून लॅटिन नावातही 'वेगवेगळ्या पानांचं' असंच म्हटलंय, अकोनिटम हेटरोफिलम. वचनागाचं हे सख्खं भावंड. वचनाग जीवघेणं विष, आणि अतिविष आपल्या बाळगुटीत सहाणेवर उगाळून तान्ह्या बाळाला देतात. अण्णा या दोघांचे खण कधीच शेजारी ठेवू देत नसत. मी वाटाड्याला विचारलं, तुमच्याकडे अतीस कशाला वापरतात? "बच्चों के पेट के लिए," तो म्हणाला. त्याच्या आईने दगडावर पाण्यात उगाळून त्याला दिलं होतं, त्याने त्याच्या मुलीला दिलं. दीड-दोन हजार किलोमीटरवरची दोन घरं, त्याच मुळीला त्याच कामाला लावतात. मी तिथे, पावसाच्या भुरभुरीत, त्याला आमच्या बाळगुटीतली नावं एकेक सांगत बसले. मुरुडशेंग, मायफळ, डिकेमाली, काकडशिंगी. काकडशिंगी त्याला लगेच कळली.

घाटीत जोन मार्गारेट लेग या इंग्रज बाईंची समाधी आहे. १९३९ साली त्या झाडं गोळा करायला आल्या होत्या आणि इथेच कड्यावरून पडून गेल्या. लोक तिथे फोटो काढत होते. आमच्या वाटाड्याने चपला काढल्या.

दुसरा दिवस हेमकुंडचा, आणि ज्यासाठी मी आले होते ते त्या दिवशी घडलं. घांगरिया तीन हजार मीटरच्या किंचित वर, हेमकुंड चौदा हजार फुटांच्या वर, आणि हे सगळं अंतर सहा किलोमीटरात चढायचं. पहाटे निघालो. अर्ध्याहून अधिक वाट झाल्यावर एका वळणावर त्याने मला हाताने थांबवलं. खेचरांच्या वाटेपासून चार पावलांवर, खडकाच्या कपारीत, शेवाळाच्या गादीवर एक झाड होतं. म्हणजे झाड कसलं, जमिनीला चिकटून चमच्याच्या आकाराची, कडेला दाते असलेली पानं, आणि मधून वर आलेला बोटभर तुरा. बहुतेक फुलं गळून बोंडं धरली होती. शेंड्याला सात-आठ शिल्लक होती, फिकट निळसर जांभळी, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि त्या इवल्या फुलांतून लांबच लांब पुंकेसर बाहेर आलेले, त्यामुळे तुरा ब्रशसारखा दिसत होता.

"कड़वी," तो म्हणाला.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. कुटकी. केदारकडू. खालच्या ओळीतला डावीकडून तिसरा खण.

मी खाली बसले. हात पाठीमागे बांधूनच बसले.

या झाडाचं शास्त्रीय नाव पिक्रोऱ्हायझा कुरूआ. पिक्रोस म्हणजे ग्रीकमध्ये कडू, ऱ्हायझा म्हणजे मूळ, आणि कुरूआ हे आपल्याच उत्तरेकडच्या 'कडू' या शब्दावरून. म्हणजे नावात दोनदा कडू. संस्कृतात कटुका, कटुरोहिणी, तिक्ता, आणि मराठीत केदारकडू, बाळकडू. इतक्या भाषांतल्या लोकांनी या झाडाला नाव देताना त्याच्या रूपाकडे पाहिलंच नाही, सगळ्यांनी जिभेवरूनच नाव ठेवलं. मलाही त्याचं तेवढंच ठाऊक होतं. पूर्वी वनस्पतिशास्त्रात ते वेगळ्या कुळात होतं. आता प्लांटाजिनेसी कुळात, म्हणजे इसबगोलाच्या घरात गेलं आहे. अण्णांना हे सांगायला हवं होतं. इसबगोल आणि कुटकी, दोघंही कोठा साफ करणारे, आणि निघाले एकाच कुळातले.

औषधाला लागतो तो जमिनीलगत सरपटत जाणारा खोडाचा भाग. करंगळीएवढा जाड, वरून करडा-तपकिरी, गळून गेलेल्या पानांच्या वणांनी खडबडीत झालेला. वाळल्यावर वजनाला हलका होतो आणि मोडला की कट्कन मोडतो. आत काळा आणि त्या काळ्यात पांढरट कडं. चांगल्या कुटकीची खूण तीच. चरकाच्या लेखनीय, म्हणजे साचलेला मेद खरवडून काढणाऱ्या, गणातल्या दहा औषधांत कुष्ठ (आपलं कोष्ठ), अतिविषा आणि कटुरोहिणी ही तिन्ही आहेत. आमच्या दुकानातले तीन खण एका गणात. ताप जुना झाला, कावीळ झाली, पोट जड राहतं, भूक मेली, की वैद्यांच्या चिठ्ठीत कुटकी असायचीच. आरोग्यवर्धिनी गोळ्यांत तर बाकीची सगळी द्रव्यं एकत्र करून जेवढी होतात तेवढी एकटी कुटकी घालतात आणि वर कडुनिंबाच्या पानांच्या रसाची भावना, म्हणजे त्या रसात खल. तिच्यातल्या कडू द्रव्यांना आता पिक्रोसाइड म्हणतात, आणि यकृतावरच्या परिणामासाठी प्रयोगशाळांतून तिच्यावर बरंच काम झालेलं आहे. वाटाड्याकडे एवढी कागदी माहिती नव्हती. त्याच्या घरी तापाला आणि पोटदुखीला एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी देतात. "छोटा टुकड़ा," असं त्याने दोनदा सांगितलं आणि बोटाच्या पेराच्या अर्ध्यावर नख ठेवून दाखवलं. हे मापाचं भान मला फार मोलाचं वाटलं. कुटकी रेचक आहे, घरच्या घरी मूठभर उकळून प्यायची गोष्ट नाही. वाचणाऱ्यांनी वैद्यांना विचारूनच घ्यावी, गरोदर बायकांनी तर अजिबात स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आणि मग मी त्याच्याकडे एक मागणी केली. खरं तेच लिहिते. मी म्हटलं, एक छोटा तुकडा काढून द्या, वडिलांच्या फोटोपुढे ठेवेन. त्याने माझ्याकडे पाहिलं, रागावला नाही, पण मान हलवली. "दीदी, जड़ निकाली तो पौधा गया। बाबूजी को फोटो दिखा देना." मी पुढे काही बोलले नाही. आमच्या दुकानात दर हंगामाला गोणी यायची. एका गोणीत अशा किती कपारी रिकाम्या झाल्या असतील, हा विचार चाळीस वर्षांत माझ्या मनात कधी आला नव्हता. हे मूळ खणल्याशिवाय मिळत नाही आणि खणलं की झाड उरत नाही. म्हणून तर १९९७ साली कुटकी साइटीस या, धोक्यातल्या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवावी लागते. कोष्ठ त्याच्याही आधी, जास्त कडक अशा पहिल्या परिशिष्टात.

या नकारासाठी मी त्याला पाचपैकी पाच देते. पैसे देणारी बाई, डोळ्यांत पाणी, वाटेवर दुसरं कुणी नाही. देऊ शकला असता. वर थोडी बक्षिसीही मिळाली असती.

ब्रह्मकमळ आणखी वर, शेवटच्या टप्प्यात, पायऱ्यांच्या बाजूच्या दगडांमध्ये. पहिलं दिसलं तेव्हा मला ते उघडत चाललेल्या छोट्या कोबीसारखं वाटलं. पातळ, कागदासारखी, फिकट पिवळसर-हिरवी, होडीच्या आकाराची आवरणं, आणि ती म्हणजे पाकळ्या नाहीतच. ती सहपत्रं, फुलांभोवतीची पानं. खरी फुलं आत, जांभळ्या-काळपट गोंड्यांचा झुबका. कमळाशी याचं काही नातं नाही. हे झेंडू-शेवंतीच्या कुळातलं, सॉस्युरिया ओबव्हॅलाटा. आमच्याकडे दिवाळीच्या आधी डोंगर पिवळे करणारी सोनकीही त्याच कुळातली. कोष्ठ तर इतकं जवळचं की बरीच वर्षं दोघांना एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) धरत होते. वाटाड्याने मला वाकून वास घ्यायला सांगितलं. भारी, गोडसर, डोक्यात जाणारा वास. कोष्ठाच्या वासाशी त्याचं काहीतरी घरोब्याचं आहे, असं मला वाटलं. आमची आई शालींच्या घडीत कोष्ठाचा तुकडा ठेवायची, किडे लागू नयेत म्हणून, त्या कपाटाची मला आठवण आली.

त्या कागदी आवरणांचं काम त्याने सुरेख समजावलं. चौदा हजार फुटांवर ऑगस्टातही रात्री बोटं गारठतात, रोज पाऊस. आतल्या गोंड्यांवर आवरणं मिटून आली की परागकण भिजत नाहीत आणि उन्हात आत ऊब साठते. त्याने दोन्ही ओंजळी जोडून, त्यात फुंकर मारून ती ऊब दाखवली. शाळेत शिकवणाऱ्या नणंदेने तिथल्या तिथे ठरवलं की हे वर्गात असंच करून दाखवायचं.

ब्रह्मकमळ बद्रीनाथ, केदारनाथला वाहतात, उत्तराखंडाचं ते राज्यफूल आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. नंदाष्टमीला, भाद्रपदातल्या शुद्ध अष्टमीला, गावातले पुरुष उपास धरून, अनवाणी वर जाऊन देवीसाठी ही फुलं आणतात, हे मला त्याच्याकडून कळलं. ठरलेला दिवस, ठरलेली माणसं, मोजकी फुलं. तिथल्या डोंगरातल्या भोटिया लोकांत कापलं-खरचटलं, हाडं दुखतात, खोकला, लघवीची तक्रार, अशा कशाकशाला हे झाड वापरतात, आणि चव याचीही कडूच. तिबेटी औषधीतही ते आहे. बाजारात मात्र यात्रेकरूंना विकायला ते बी धरायच्या आतच तोडलं जातं. आमच्या समोर एका माणसाने एक तोडून टोपीत खोवलं. आमच्या वाटाड्याने त्याला शांतपणे, हिंदीत, दोन मिनिटं समजावलं. त्या माणसाने ते परत ठेवलं नाही, तोडलेलं परत काय ठेवणार, पण दुसऱ्याला हात लावला नाही.

हेमकुंडच्या गुरुद्वारात गरम खिचडी आणि चहा मिळाला. त्या थंडीत तो चहा हातात धरल्याचं सुख वेगळं सांगत नाही. सरोवराकाठी लक्ष्मणाचं जुनं देऊळ आहे, तिथेही टेकून आलो.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. वाटाड्या उतरताना फार वेगाने चालतो. गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं. आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा तो सावकाश आला. पहिल्या दिवशी त्याने सकाळी आठला निघायचं ठरवलं, ते उशिराचं ठरलं. घाटीतून संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं आणि मी फुलांपाशी बसणारी, त्यामुळे नदीच्या टोकापर्यंत पोचता आलं नाही. सातला चौकी उघडते तेव्हाच निघायला सांगा. त्याच्याकडे भिंग नव्हतं. कुटकीचे पुंकेसर मी माझ्या भिंगातून त्याला दाखवले तेव्हा तो लहान मुलासारखा खूश झाला, म्हणून ते भिंग मी त्यालाच देऊन आले. हेमकुंडच्या वाटेवर खेचरांची गर्दी आणि लीद खूप, पावसात घसरतं, बांबूची काठी घ्याच. लॉजवर गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे, अंथरूण दमट. घांगरियात दुसरीकडे फार वेगळं मिळेल असं वाटत नाही. वाट मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ स्वच्छ होती. भ्यूंडारच्या गावकऱ्यांची ईको विकास समिती तिथला कचरा उचलते, आणि ते दिसतं.

कुटकी बघायला म्हणून कुणी जाणार असेल तर जुलैत जा, तेव्हा तुरे भरलेले असतात. ब्रह्मकमळ हवं असेल तर ऑगस्ट अर्धा झाल्यावर. आम्ही या दोन्हींच्या मधे गेलो, दोन्ही थोडी थोडी मिळाली.

परतताना मी त्याला विचारलं, मग दुकानांना कुटकी यायची कुठून? त्याने सांगितलं, आता शेती होते. चमोलीतल्याच घेस गावात लोक कुटकी लावतात, गोपेश्वरजवळच्या मंडलला जडीबुटी संस्था आहे ती रोपं आणि शिकवणी देते. तीनेक वर्षं थांबावं लागतं, पण कपारी रिकाम्या होत नाहीत. घरी आल्यावर मी साताऱ्यात आणि पुण्यात चार दुकानांत कुटकी मागितली आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: लागवडीची आहे का? तिघांना प्रश्नच समजला नाही. एका दुकानात तर आतून पांढरी निघणारी मुळं होती, कडूही बेताचीच. चौथ्याने आतून कागद आणून दाखवला. त्याच्याकडून पन्नास ग्रॅम घेतली. एक तुकडा मोडला, आत काळा, मध्ये पांढरट कडं. जिभेवर ठेवला. रात्री जेवताना भाताची चवही कडू लागली.

त्याने अतीस सप्टेंबरात फुलतं असं सांगितलंय, निळ्या-हिरवट टोपीसारखं फूल, जांभळ्या शिरांचं. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातले तीन दिवस मी त्याच्याकडे आत्ताच सांगून ठेवले आहेत, आणि सकाळी सातला निघायचं हेही.